अविस्मरणीय जादूचे प्रयोग

हातचलाखी, यंत्रयोजना आणि प्रेक्षकाचे लक्ष हवे तिकडे वळवण्याचे कसब यांच्या जोरावर केलेले, आणि पाहणाऱ्याच्या मनातून पुढे कित्येक वर्षे न जाणारे जादूचे खेळ. एकेका जादूगाराच्या पोतडीत शेकडो खेळ असतात, पण लोक म्हातारपणीही ज्यांच्याबद्दल बोलतात असे थोडेच. अशा खेळांचा मंचावरचा भाग काही मिनिटांत आटोपतो. उरलेला खेळ प्रेक्षक घरी घेऊन जातो आणि तिथे तो दर वेळी सांगताना थोडा थोडा वाढत जातो.

सर्वांत जुन्या खेळांपैकी एक म्हणजे वाट्या आणि गोळ्या. पालथ्या वाटीखालची गोळी नाहीशी होते, दुसऱ्या वाटीखाली सापडते, आणि शेवटी वाटीखालून लिंबाएवढे काहीतरी निघते. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने पहिल्या शतकात आपल्या एका पत्रात या खेळाचा उल्लेख केला आहे. फसवणूक होते तीच तर मजा, हे कसे करतात ते कळले की माझी गोडी गेली, असे त्याचे म्हणणे. खेळाची खरी मेख शेवटच्या लिंबात आहे. जादूगार वाटी उचलतो, तिच्याखालच्या गोळीकडे सगळ्यांचे डोळे एकदम जातात, आणि त्याच अर्ध्या क्षणात ती उचललेली वाटी दुसऱ्या हाताजवळ जाऊन लिंबू पोटात घेऊन परत येते. हे सगळे डोळ्यांसमोर घडते, पण त्या वेळी तिथे पाहावे असे कोणालाच वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात जादूगारांनी विज्ञानालाच हाताशी धरले. पॅरिसचा झाँ-अझेन रोबेर-उदँ (१८०५–१८७१) मूळचा घड्याळजी. शस्त्रक्रियेत ईथरची गुंगी देण्याचा शोध ताजा होता तेव्हा, १८४७ मध्ये, त्याने आपल्या लहान मुलाला ईथर हुंगवल्याचे भासवून हवेत आडवा केला. आधाराला कोपराखाली फक्त एक काठी. पडद्याआड तापलेल्या लोखंडी फावड्यावर खरे ईथर ओतले जाई, म्हणजे तो वास सभागृहभर पसरे. मुलाच्या तरंगण्याशी त्या वासाचा काडीचाही संबंध नव्हता. पण लोकांना आपण नाकाने पुरावा घेतला असे वाटले, आणि ही युक्ती तरंगण्याच्या यंत्रणेपेक्षा जास्त हुशारीची म्हणावी लागेल. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियाला पाठवले. तिथे त्याने एक लहानशी पेटी मंचावर ठेवली. ती आधी कोणीही उचलावी, पण त्याने ‘तुझी ताकद काढून घेतली’ म्हटल्यावर धट्ट्याकट्ट्या माणसालाही ती हलेना. पेटीच्या तळाला लोखंड होते आणि मंचाखाली विद्युतचुंबक. हा खेळ स्मरणात राहिला तरी त्याचा हेतू करमणुकीचा नव्हता. स्थानिक लोकांवर फ्रेंच सत्तेची छाप पाडायची होती.

लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत १८६२ च्या नाताळात ‘पेपरचे भूत’ अवतरले. मंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये भलीमोठी काच तिरपी उभी करायची आणि खाली लपलेल्या नटावर प्रखर उजेड टाकायचा. त्याचे प्रतिबिंब मंचावरच्या माणसांमध्ये वावरताना दिसते आणि तलवार त्यातून आरपार जाते. कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची, पण खेळाला नाव मिळाले तो मंचावर आणणाऱ्या जॉन पेपरचे.

अमेरिकन जादूगार हॅरी हूडिनीने ७ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या हिपोड्रोम नाट्यगृहात जेनी नावाची हत्तीण गायब केली. जादूच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत गाजलेला आणि त्या मानाने सर्वांत कमी लोकांना नीट दिसलेला खेळ. सभागृह एवढे अवाढव्य की पेटी उघडल्यावर आतली रिकामी जागा समोरच्या थोड्याच लोकांना दिसे. बाकीच्यांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. तरीही हत्तीण नाहीशी झाली हे वाक्यच इतके जबर आहे की शंभर वर्षांनंतरही ते पुरते.

बाईला करवतीने कापण्याचा खेळ इंग्रज जादूगार पी. टी. सेल्बिटने १७ जानेवारी १९२१ रोजी लंडनमध्ये जाहीरपणे केला. पण या खेळाचा सर्वांत अविस्मरणीय प्रयोग बंगाली जादूगार पी. सी. सरकार यांच्या नावावर आहे. ९ एप्रिल १९५६, बीबीसीचा ‘पॅनोरमा’ हा कार्यक्रम, थेट प्रक्षेपण. टेबलावर सतरा वर्षांची मुलगी, वरून उतरणारी विजेची गोल करवत. अंग झाकायला पेटी वगैरे काही नाही. करवत आरपार गेल्यावर सरकार यांनी मुलीचे हात चोळले, तिला हाका मारल्या. ती हलली नाही. त्यांनी मान हलवली आणि तिच्या तोंडावर काळे कापड टाकले. एवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबलबी कॅमेऱ्यासमोर आले आणि कार्यक्रम संपल्याचे सांगून मोकळे झाले. मुलगी मेली असे समजून घाबरलेल्या लोकांनी बीबीसीचे दूरध्वनी अडवून धरले. ती ठणठणीत होती. वेळ संपल्यामुळे प्रक्षेपण तुटले, असा खुलासा झाला. ते खरेच नकळत घडले असेल यावर जादूगारांच्या वर्तुळात फारसा कोणाचा विश्वास नाही, कारण लंडनमधले सरकार यांचे पुढचे प्रयोग त्यानंतर हातोहात विकले गेले. खेळाचा शेवटच कापून टाकला की प्रेक्षक तो स्वतः पुरा करत बसतो.

या सगळ्यांवर ताण म्हणजे भारतीय दोरीची जादू. उघड्या मैदानात दोर वर फेकायचा, तो ताठ उभा राहतो, त्यावरून पोरगा चढतो आणि दिसेनासा होतो. तिखटमीठ लावलेल्या आवृत्तीत जादूगारही चाकू घेऊन वर जातो, पोराचे तुकडे खाली पडतात आणि शेवटी पोरगा सबंध उठून बसतो. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने असा खेळ पाहिल्याचे लिहिले, पण भारतात नव्हे, चीनमधल्या हांगझो येथे. पाहून त्याची छाती धडधडू लागली, औषध द्यावे लागले. शेजारी बसलेला काझी मात्र म्हणाला की कोणी चढले नाही, उतरले नाही, कोणाचे काही कापले नाही. ही सगळी नजरबंदी. आधुनिक जगात या खेळाचा बोलबाला झाला तो ८ ऑगस्ट १८९० रोजी ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये आलेल्या एका लेखाने. लेखात दोन अमेरिकन प्रवाशांनी हा खेळ पाहिल्याची हकिगत होती. काही महिन्यांनी वृत्तपत्राने ती रचलेली असल्याचे कबूल केले, पण तोवर गोष्ट जगभर पोहोचली होती. १९३४ मध्ये लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ या जादूगारांच्या संस्थेने हा खेळ उघड्यावर करून दाखवणाऱ्याला ५०० गिन्या (जुने ब्रिटिश चलन) देऊ केल्या. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. विशेष म्हणजे आम्ही तो पाहिला असे शपथेवर सांगणारी माणसे पुढेही निघत राहिली. रिचर्ड वाइजमन आणि पीटर लॅमाँट या संशोधकांनी १९९६ मध्ये अशा हकिगती तपासल्या, तेव्हा खेळ पाहणे आणि तो सांगणे यांत जितकी जास्त वर्षे गेली होती तितका तो अधिक अद्भुत झालेला आढळला.

आठवणीची ही सवय जादूगार नेमकी ओळखून असतात. पत्त्यांच्या खेळात ते मध्येच म्हणतात, ‘तुम्हीच पत्ते पिसलेत, तुम्हीच पत्ता निवडलात’. प्रत्यक्षात प्रेक्षकाने फक्त पत्ते काटलेले असतात. घरी गेल्यावर तो सांगतो की जादूगाराने पत्त्यांना हातही लावला नव्हता. युक्ती आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये मुद्दाम थोडा वेळ जाऊ देतात, तेही यासाठीच: मागे वळून शोधायला गेलेला माणूस चुकीच्या क्षणावर जाऊन थांबतो.

गुपित फुटले की अचंबा संपतो, हे सेनेकाचे म्हणणे बहुतेक खेळांच्या बाबतीत खरे ठरते. आरशाची किंवा दोऱ्याची युक्ती ऐकून ‘एवढेच?’ असे तोंडातून निघतेच. मात्र पेन आणि टेलर ही अमेरिकन जोडी वाट्या-गोळ्यांचा तोच जुना खेळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्यांनी करते. गोळी केव्हा आत जाते ते दिसते, कोणत्या हाताने जाते तेही दिसते. तरी हात इतके भराभर चालतात की शेवटची वस्तू पेल्याखाली केव्हा आली हे बघणाऱ्याला सांगता येत नाही.