पेशीबाहेर पडणारी प्रथिने आणि ल्युपस, स्क्लेरोडर्मावरील औषधे

स्क्लेरोडर्माच्या, म्हणजे कातडी घट्ट होत जाणाऱ्या आजाराच्या, रुग्णाला तपासताना संधिवाततज्ज्ञ बोटांपासून चेहऱ्यापर्यंत शरीरावर १७ ठिकाणी कातडी चिमटीत धरून पाहतात. कातडी सहज उचलली गेली तर शून्य गुण, दगडासारखी घट्ट बसली असेल तर तीन. अशी बेरीज जास्तीत जास्त ५१ पर्यंत जाते. प्रचंड खर्चाच्या औषधचाचण्यांचा निकाल वर्षानुवर्षे या चिमटीवर ठरत आला आहे. पद्धत जुन्या वळणाची वाटली, तरी ती सरावलेल्या हाताने केली तर विश्वासार्ह ठरते.

स्क्लेरोडर्मा आणि ल्युपस हे संयोजी ऊतकांचे, म्हणजे कातडी, सांधे, रक्तवाहिन्या आणि अवयव यांना आधार देणाऱ्या बांधणीचे आजार असून, दोन्हींत रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटलेली असते. या बिघाडात भाग घेणाऱ्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या मुख्यतः बाहेर सोडलेल्या प्रथिनांच्या द्वारे, आणि औषध शोधणाऱ्यांचे लक्ष या प्रथिनांकडे वळण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. औषध म्हणून प्रयोगशाळेत तयार केलेला प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूला पकडणारे प्रथिन) हा आकाराने एवढा मोठा रेणू असतो की तो पेशीच्या आवरणातून सहजासहजी आत शिरू शकत नाही. बाहेर तरंगणारे प्रथिन मात्र त्याला नेमके पकडता येते.

पण बाहेर पडणारी प्रथिने ओळखायची कशी? पेशीत तयार होणाऱ्या अशा बहुतेक प्रथिनांच्या सुरुवातीलाच १५ ते ३० अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो, जो पत्रावरच्या पत्त्यासारखे काम करून त्या प्रथिनाला बाहेरच्या वाटेला लावतो. या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतील ह्यूमन जीनोम सायन्सेस या कंपनीच्या संशोधकांनी मानवी जनुकांच्या माहितीत नवी प्रथिने धुंडाळताना सापडलेल्या एका प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले. इतर प्रयोगशाळांनाही ते स्वतंत्रपणे सापडले होते, आणि आज ते बॅफ या नावाने ओळखले जाते.

बॅफचे काम बी पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना, जिवंत ठेवण्याचे. प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशींचा उगम याच बी पेशींपासून होतो, आणि त्यांच्यातल्या ज्या चुकून स्वतःच्याच शरीरावर रोख धरतात त्या एरवी वाढीच्या वाटेवरच मरतात. बॅफ भरपूर असेल तर अशाही काही पेशी तगून जातात. जनुकीय बदल करून ज्या उंदरांत बॅफचे प्रमाण वाढवले गेले त्यांना ल्युपससारखा आजार जडला, आणि ल्युपसच्या अनेक रुग्णांच्या रक्तातही ते वाढलेले आढळले. पुढे बॅफला बांधून ठेवणारा बेलिमुमॅब हा प्रतिपिंड तयार झाला आणि २०११ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तेव्हा ल्युपससाठी नवे औषध येऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. औषध चमत्कार करणारे नव्हते, हेही सांगायला हवे. एका मोठ्या चाचणीत जास्त मात्रा घेणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के रुग्णांना ठरलेल्या निकषानुसार फायदा झाला, तर नेहमीच्या उपचारांसोबत निव्वळ दिखाऊ औषध घेणाऱ्यांतही हे प्रमाण ४४ टक्के होते. तासभर सलाइनमधून औषध चढवून घेण्यासाठी दर चार आठवड्यांनी दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा फरक मोठा की लहान, याचे उत्तर बहुधा तिचा स्टिरॉइडचा डोस किती उतरला यावर अवलंबून असेल. (‘तिचा’ असे म्हटले, कारण ल्युपसच्या दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया असतात.)

स्क्लेरोडर्मात गणित इतके सरळ उतरले नाही. तिथे संशयित होते टीजीएफ-बीटा, संयोजी ऊतकांतल्या फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजन हे ऊतकांना बळकटी देणारे तंतू तयार करायला लावणारे प्रथिन. जखम भरताना हे काम उपकारक ठरते, पण ते थांबलेच नाही तर कातडी आणि फुफ्फुसे घट्ट होत जातात. या प्रथिनाच्या एका प्रकाराविरुद्धचा प्रतिपिंड ४५ रुग्णांत वापरून पाहिला गेला, त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले आणि फायद्याचा पुरावा मिळाला नाही. टीजीएफ-बीटा रक्तात मोकळे फिरत नाही, तर कवचात बंद अवस्थेत ऊतकांच्या जाळ्यात अडकून राहते आणि पेशींनी ओढ देऊन ते कवच उघडले की त्याच जागी कामाला लागते. तेव्हा बाहेर पडलेले प्रथिन म्हणजे हाताशी असलेले प्रथिन, हे गृहीतच इथे कमकुवत ठरते, असे मला वाटते. पुढे फ्रेसोलिमुमॅब या अधिक व्यापक प्रतिपिंडाच्या १५ रुग्णांवरील छोट्या अभ्यासात कातडी मऊ पडली खरी, पण काहींना रक्तस्राव झाला आणि काहींच्या त्वचेवर गाठी आल्या, कारण शरीराला या प्रथिनाची इतरत्र गरज असतेच.

तिसरे नाव आपल्याकडे कोविडच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी पोहोचले होते. रुग्णांचे नातेवाईक ज्याच्या कुपीसाठी औषधाच्या दुकानांतून वणवण करत होते, ते टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला थेट धरत नाही, तर ते प्रथिन ज्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) जाऊन बसते ती जागा अडवते. स्क्लेरोडर्माच्या २१० रुग्णांवर ४८ आठवडे चाललेल्या त्याच्या चाचणीत मुख्य कसोटी कातडीच्या गुणांची होती आणि त्या कसोटीवर औषध उतरले नाही. पण त्याच रुग्णांनी नळीत जोराने फुंकून दिलेल्या फुफ्फुसांच्या चाचणीत दिसले की दिखाऊ औषध घेणाऱ्यांची क्षमता घटत गेली, तर टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांची बरीचशी टिकून राहिली. २०२१ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला स्क्लेरोडर्मासाठी मान्यता दिली ती फुफ्फुसांची घसरण मंदावण्यापुरती. चिमटीत सापडणाऱ्या कातडीचा त्या मान्यतेत उल्लेख नाही.