अंतःप्रेरित व्यक्तिचित्रण (लिनेट यिआडम-बोआके यांची पद्धती)

समोर कोणालाही न बसवता आणि आधी पक्का आराखडा न आखता, रंग लावता लावताच माणूस घडवत नेण्याची चित्रपद्धती. समकालीन कलेतले तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटिश चित्रकर्ती व लेखिका लिनेट यिआडम-बोआके (जन्म १९७७, लंडन) यांची तैलचित्रे. घानाहून आलेल्या परिचारक दांपत्याच्या या कन्येने सेंट्रल सेंट मार्टिन्स आणि फॅलमथ येथील कलामहाविद्यालयांत शिक्षण घेतले आणि २००३ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी स्कूल्स या कलाशाळेचा अभ्यासक्रम पूर्ण केला.

व्यक्तिचित्र म्हटले की आपण पहिला प्रश्न विचारतो तो सादृश्याचा : हुबेहूब आले आहे का? यिआडम-बोआके यांच्या चित्रांपुढे हा प्रश्न विचारायची सोयच नाही, कारण त्यांतली माणसे कुठेही अस्तित्वात नाहीत. जुनी छायाचित्रे, मासिकांतली कात्रणे, इतर चित्रकारांच्या कामातले तुकडे त्या जमवून ठेवतात. एकातून मान वळवण्याची ढब येते, दुसऱ्यातून खिडकीचा उजेड, आणि उरलेले सगळे मनातून. त्यामुळे या चित्रांना व्यक्तिचित्रे म्हणावे की नाही, हाच खरे तर वादाचा मुद्दा आहे. नेमके सांगायचे तर ती व्यक्तिचित्राच्या वेशातली कल्पनाचित्रे आहेत. पण पाहणाऱ्याला ती माणसे ओळखीची वाटतात आणि तो नकळत त्यांची नावे शोधू लागतो.

या पद्धतीचा कणा म्हणजे वेळेची मर्यादा. अनेक वर्षे त्यांचा शिरस्ता असा होता की चित्र शक्यतो एका दिवसात संपवायचे. ही लहर नव्हे, तैलरंगाच्या स्वभावाशी घातलेली सांगड आहे. ताजा रंग ओला असतो तोवर त्यावर दुसरा ओला रंग फिरवता येतो. गालाची कड पार्श्वभूमीत विरघळवता येते, चुकलेला हात पुसून पुन्हा मांडता येतो. एक-दोन दिवसांत रंग चिकट होतो, ब्रश अडतो आणि कालचा निर्णय आजच्या हाताला जुमानत नाही. अंबर (umber) या तपकिरी रंगासारखे मातीचे रंग तर त्यांतल्या मँगॅनीजमुळे आणखी लवकर वाळतात, आणि गडद तपकिरी छटा हाच या चित्रांचा मुख्य स्वर आहे. घाई अशी रंगसाहित्यातूनच येते. विचार करत बसायला जागा राहिली नाही, की हाताला आधीपासून ठाऊक असलेले वर येते. अंतःप्रेरणा या मोठ्या शब्दाचा इथला अर्थ बहुधा एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो, माने, देगा, सिकर्ट या जुन्या युरोपीय चित्रकारांच्या चित्रांकडे बारकाईने पाहणे असते. न जमलेले चित्र दुरुस्त करत बसण्याऐवजी ते फाडून टाकण्याची त्यांची तयारी असते, हेही विसरू नये.

चित्राजवळ जाऊन पाहिले तर ही घाई दिसते. तपकिरी अंगावर तपकिरीच अंधार, त्यात डोळ्यातला पांढऱ्याचा एक ठिपका, दातांची एक रेघ, सदऱ्याच्या कॉलरवर ब्रशचा एकच रुंद फटकारा. काही जागी खालचा थर तसाच उघडा ठेवलेला असतो. दोन पावले मागे सरकले की तोच फटकारा सुती कापड होतो. चेहऱ्यापेक्षा पुष्कळदा पायांकडे लक्ष जाते, कारण ते अनवाणी असतात. बुटांची घडण काळ सांगते, अमुक दशकातला माणूस म्हणून शिक्का मारते, म्हणून त्या बूट शक्यतो टाळतात. एका अर्थी तेही वेळेचेच गणित आहे : चित्र एका दिवसाचे, पण त्यातला माणूस कोणत्याच दिवसाचा नव्हे.

सुरुवातीच्या कामात कथा आणि विनोद यांची गर्दी होती. एकाच चित्रात फार काही सांगायचा प्रयत्न होतो आहे, हे जाणवल्यावर त्यांनी पसारा कमी केला आणि आकृती व रंग एवढ्यावरच भर दिला. जवळजवळ सर्व आकृती कृष्णवर्णीय आहेत. त्याचे स्पष्टीकरण त्यांच्याकडे पुन्हापुन्हा मागितले जाते. आपल्या दृष्टीने ती सर्वसाधारण गोष्ट आहे, तिचे समर्थन करण्याची गरज नाही, अशी त्यांची भूमिका आहे. तरीही युरोपीय व्यक्तिचित्रांच्या दालनांत शतकानुशतके कृष्णवर्णीय माणसे प्रामुख्याने नोकर म्हणून कडेला उभी राहिली, हा इतिहास पाहणाऱ्याच्या डोक्यातून जात नाही. ‘नो सच लक्झरी’ (२०१२) मधली स्त्री टेबलाशी कपासमोर निवांत बसलेली आहे. ती कोणाची वाट पाहते आहे असेही वाटत नाही.

शीर्षके हा या पद्धतीचा वेगळाच भाग. शीर्षक चित्राचे वर्णन करत नाही. तो चित्रावर मारलेला आणखी एक फटकारा आहे, असे त्या मानतात. ‘कॉन्डोर अँड द मोल’ (२०११) मध्ये समुद्रकिनाऱ्यावर दोन मुली आहेत. कॉन्डोर हे अमेरिका खंडातले अजस्र गिधाड आणि मोल हा जमीन पोखरणारा प्राणी, यांतले चित्रात काहीच नाही. उलट ‘ब्लॅक अलिजन्स टू द कनिंग’ (२०१८) मध्ये बसलेल्या पुरुषाजवळ कोल्हा खरोखरच आहे, आणि शीर्षक त्याचे नाव घेत नाही. त्या कविता आणि कथाही लिहितात. जे रंगवता येत नाही ते लिहायचे आणि जे लिहिता येत नाही ते रंगवायचे, अशी त्यांनी स्वतःच वाटणी केली आहे.

२०१२ मध्ये त्यांना फ्यूचर जनरेशन आर्ट प्राइज मिळाले, २०१३ मध्ये टर्नर पारितोषिक या ब्रिटनमधल्या प्रतिष्ठित कला-पुरस्काराच्या अंतिम यादीत नाव आले आणि २०१८ मध्ये कार्नेगी पारितोषिक मिळाले. २०१९ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात) घानाने प्रथमच मांडलेल्या राष्ट्रीय दालनात त्यांची चित्रे होती. लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयातले त्यांचे मोठे प्रदर्शन डिसेंबर २०२० मध्ये उघडले आणि महासाथीच्या निर्बंधांमुळे लगेच बंद करावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते तिथे पुन्हा मांडले गेले. चित्रे मात्र कालक्रमाने लावलेली नव्हती, त्यामुळे २००३ मधला माणूस आणि अलीकडचा माणूस शेजारी-शेजारी, अनवाणी उभे राहू शकत होते.