कार्यालयांतील औष्णिक सुखदता (खानदेश)

औष्णिक सुखदता म्हणजे बसल्या जागी ना उकडते, ना थंडी वाजते अशी अवस्था. ती नुसत्या तापमानावर ठरत नाही. डेन्मार्कचे अभियंते पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या गणितात सहा घटक आहेत : हवेचे तापमान, भिंती-छताची धग, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, कपडे आणि शरीराचे श्रम. सारे काही जुळून आले तरी शंभरातले पाच जण असमाधानी राहतात, असे हेच गणित सांगते.

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतील कार्यालयांत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते धगीकडे. मे महिन्यात तापीच्या खोऱ्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो. सिमेंटचा सपाट स्लॅब दिवसभर तापतो आणि दुपारनंतर ती उष्णता खाली सोडतो. म्हणून वरच्या मजल्यावर पंखा फिरत असूनही जीव कासावीस होतो. धाब्याच्या जुन्या घरांत मातीचा जाड थर हीच उष्णता अडवून धरी. आज गच्चीला पांढरा रंग देणे किंवा चिनी मातीचे तुकडे बसवणे हा तुलनेने स्वस्त उपाय आहे. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा हवा. आतल्या पडद्यावर पडेपर्यंत ऊन काचेतून आत आलेले असते.

कोरड्या उन्हाळ्यात कूलर इथे उत्तम चालतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने ती तत्त्वतः २२ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात ती इतकी उतरत नाही, पण फरक मोठा पडतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. ती बंद केली की ओल कोंडते आणि अंग चिकचिकते. पावसाळ्यात कूलर निरुपयोगी. तेव्हा वाराच कामी येतो.

भारतीय कार्यालयांच्या पाहणीवरून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये सुखदतेचे स्वतंत्र प्रतिमान मांडले. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतीत बाहेरची अलीकडच्या दिवसांची सरासरी ३० अंश असेल, तर आत सुमारे २९ अंशही माणसाला सुखाचे वाटतात, असे त्यातून निघते. खिडकी आणि पंख्याचे बटण स्वतःच्या हाती असणे म्हणूनच मोलाचे.

हे सारे खुर्चीत बसलेल्यांपुरते झाले. एसटीतून उतरून उन्हातून चालत तहसील कचेरीत आलेल्या माणसाचे अंग तापलेले असते. त्याला कारकुनापेक्षा जास्त वारा लागतो. त्यामुळे पंखा टेबलांवर जितका, तितकाच व्हरांड्यातल्या रांगेवरही हवा.