घरगुती प्रोजेक्टर आणि प्रकाशाचा जमाखर्च

पुण्याच्या जुन्या बाजारात बॅकलाइट (मागचा दिवा) गेलेले, पण पॅनेल (चित्र उमटवणारी काच) शाबूत असलेले मॉनिटर कधी कधी स्वस्तात हाती लागतात. रुंद पडद्याचा प्रोजेक्टर घरी करायचा तर असा मॉनिटर नव्याहून सोयीचा, कारण त्याचा बॅकलाइट नाहीतरी काढूनच टाकायचा असतो. पत्र्याची चौकट सोडवून प्रकाश पसरवणारे पांढरे पापुद्रे बाजूला केले की काचेचे पातळ पॅनेल उरते. त्याच्यामागे प्रखर दिवा आणि पुढे भिंग ठेवले की त्यावरचे चित्र मोठे होऊन भिंतीवर पडते. त्याच्या कडेला चिकटवलेल्या नाजूक फितींपैकी एक जरी दुखावली, तरी चित्रात कायमची रेघ उमटते.

हे पॅनेल प्रकाश गिळण्यात पटाईत असते. पहिला पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा पापुद्रा) निम्म्याहून अधिक प्रकाश शोषतो, लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या उरलेल्यातला सुमारे दोन-तृतीयांश अडवतात आणि अखेरीस पाच ते आठ टक्केच पलीकडे पोहोचतो. १०० वॉटच्या एलईडीचे साधारण १०,००० ल्युमेन (प्रकाश मोजण्याचे एकक) आणि त्यातला एक-तृतीयांश पॅनेलवर पडला असे धरले, तरी भिंतीवर दोनशेच्या आसपास ल्युमेन येतात. त्यामुळे भरदुपारी नुसते पडदे ओढून क्रिकेटचा सामना पाहण्याचा बेत मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

उरलासुरला प्रकाश वाया जाऊ नये म्हणून दोन फ्रेनेल भिंगे लागतात. ऑगस्टिन फ्रेनेल यांचे हे भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधील कॉर्दुआँ दीपगृहात बसवले गेले. जाड भिंगाचा वक्र पृष्ठभाग वर्तुळाकार खाचांत विभागल्यामुळे आज ते प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याच्या रूपात मिळते. दिव्याकडचे भिंग किरण समांतर करते, तर पॅनेलपलीकडचे ते चित्र भिंतीवर टाकणाऱ्या प्रक्षेपक भिंगाकडे वळवते. दोन्हींच्या खाचा पॅनेलकडे असाव्यात आणि पलीकडचे भिंग पॅनेलपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर असावे, अन्यथा खाचांची वर्तुळे चित्रात उमटतात. रुंद चौकटीचा तोटाही इथेच दिसतो: प्रकाशाच्या वर्तुळात नेमकी बसणारी ४:३ चौकट त्याची ६१ टक्के जागा वापरते, १६:९ चौकट जेमतेम ५४ टक्के.

१५.६ इंची पॅनेलवरून १०० इंची चित्र हवे असेल, तर ते सुमारे ६.४ पट मोठे करावे लागते. ३२० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेतल्यास ते पॅनेलपासून सुमारे ३७ सेंटिमीटरवर आणि भिंत भिंगापासून सुमारे २.४ मीटरवर येते. टू बीएचकेच्या हॉलमध्ये एवढी जागा सहज निघते. भिंगातून प्रतिमा उलटी पडते, म्हणून पॅनेलची दर्शनी बाजू दिव्याकडे करून त्याची वरची कड खाली ठेवावी.

पॅनेलने शोषलेला प्रकाश उष्णता होऊन पोलरायझरलाच भाजतो. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बंद पेटीत ही उष्णता झपाट्याने साठते. म्हणून एक पंखा एलईडीच्या हीटसिंकसाठी (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यासाठी) आणि दुसरा पॅनेलवरून हवा खेळवण्यासाठी असावा. एलईडीऐवजी मेटल हॅलाइड दिवा वापरल्यास, दिवा आणि पॅनेल यांच्यामध्ये अवरक्त किरण अडवणारी काचही बसवावी लागते.