पाणी जमलं, मीठ चुकलं

“अंगात ताकद नाही, एक सलाईन लावून टाका.” ही मागणी तालुक्याच्या दवाखान्यात होते तशी पुण्या-मुंबईतही होते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या (ग्लुकोजचंच दुसरं नाव) अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे चहाचे पाचएक चमचे साखर आणि जेमतेम ८५ किलोकॅलरी. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि ताकद शून्य. ज्याला तोंडाने खाता-पिता येतं, त्याने लिंबूसरबत प्यावं. फरक पडेल तो बिलात.

मात्र काहींना तोंडाने काही देताच येत नाही. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं मूल, न्यूमोनियाने धाप लागलेलं बाळ, शुद्ध हरपलेला रुग्ण. त्यांचं दिवसभराचं पाणी त्या बाटलीतूनच जातं. किती द्यायचं? वॉर्डात याला ‘मेंटेनन्स’ म्हणतात. जुलाब-उलट्यांत आधीच गेलेलं पाणी किंवा डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाझरणारं पाणी हे खातं वेगळं, त्याचा हिशेब वेगळा. इथे बोलायचं ते रोजच्या साध्या गरजेबद्दल.

लहान मुलांच्या वॉर्डात हा हिशेब तोंडपाठ असतो. पहिल्या १० किलो वजनाला किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोंना ५०, त्यापुढे २०. पंधरा किलोच्या मुलाला १००० अधिक २५०, म्हणजे दिवसाला १२५० मिली. तासाला साधारण ५२. आता एक गंमत बघा. मुलांसाठीच्या मायक्रो ड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो आणि तासाची मिनिटंही ६०. त्यामुळे तासाला ५२ मिली द्यायचे, तर मिनिटाला ५२ थेंब पडायला हवेत. पंप नसलेल्या वॉर्डात सिस्टर घड्याळाकडे बघत थेंब मोजतात आणि चाकी पुढे-मागे करतात, त्यामागे एवढंच गणित आहे.

हे सूत्र १९५७ साली अमेरिकेतल्या माल्कम हॉलिडे आणि विल्यम सेगर या बालरोगतज्ज्ञांनी मांडलं. ते वजनाचं सूत्र वाटतं, पण मुळात आहे उष्णतेचं. शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, तेवढी उष्णता त्वचेतून आणि श्वासातून बाहेर टाकावी लागते आणि तिच्याबरोबर पाणी जातं. दर १०० किलोकॅलरीमागे असे सुमारे ५० मिली उडून जातात. जाळलेल्या अन्नातून शरीरातच साधारण १७ मिली पाणी तयार होतं, ते वजा करायचं. लघवीसाठी सुमारे ६७ मिली धरायचे. बेरीज येते १००. म्हणजे जितक्या किलोकॅलरी, तितके मिली पाणी. वजन दुप्पट झालं म्हणून ऊर्जेची गरज दुप्पट होत नाही. अंथरुणावर पडलेलं १० किलोचं बाळ दिवसाला साधारण १००० किलोकॅलरी जाळतं, २० किलोचं मूल १५००. म्हणून ते १००-५०-२०. इतकी साधी आणि इतकी टिकाऊ आकडेमोड वैद्यकात फारशी सापडत नाही.

पाणी ठरलं, मग मीठ. आईच्या दुधातून आणि गाईच्या दुधातून बाळाला किती क्षार मिळतात, ते पाहून दोघांनी दर १०० किलोकॅलरीमागे ३ मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, धरलं. म्हणजे लिटरमागे ३०. रक्तात सोडियम असतं लिटरमागे १४०च्या आसपास. थोडक्यात, शिरेतून जाणारं पाणी रक्ताच्या मानाने फारच अळणी. निरोगी मुलाला ते बाधत नाही, कारण जादा पाणी मूत्रपिंडं बाहेर काढतात. पण निरोगी मूल सलाईन लावून कशाला पडेल?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येऊ. मोठ्या माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. शेवटच्या टप्प्यात किती परत घ्यायचं, हे एक संप्रेरक ठरवतं. त्याचं नाव एडीएच. मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी रक्ताचा दाटपणा सतत तपासत असतात. तो एखाद-दोन टक्क्यांनी वाढला, तरी त्यांना कळतं आणि पीयूषिका ग्रंथीतून एडीएच सुटतं. मूत्रपिंडातल्या संग्राहक नलिकांच्या पेशींत अ‍ॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांचे सूक्ष्म मार्ग पिशव्यांमध्ये गुंडाळून ठेवलेले असतात. एडीएचचा निरोप आला की त्या पिशव्या पेशीच्या पृष्ठभागाशी जाऊन मिसळतात, मार्ग उघडतात आणि पाणी नलिकेतून परत शरीरात ओढलं जातं. लघवी गडद आणि थोडी होते. निरोप थांबला की मार्ग पुन्हा आत घेतले जातात आणि लघवी पाण्यासारखी होते. या अ‍ॅक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एरवी रक्त पातळ असेल तर एडीएच बंद राहायला हवं. पण वेदना, मळमळ, ऑपरेशन, न्यूमोनिया, मेंदूज्वर, मॉर्फिनसारखी औषधं, यांपैकी काहीही असलं तरी ते सुटत राहतं, रक्त कितीही पातळ असो. ही यादी वाचली की समोर वॉर्डच उभा राहतो. ज्यांना सलाईन लागतं, नेमकी त्यांचीच मूत्रपिंडं पाणी सोडायला तयार नसतात.

ढोबळ हिशेब करून बघू. मूल १० किलोचं, अंगात ६ लिटर पाणी, सोडियम १४०. दिवसभरात ०.१८ टक्के मिठाचं, म्हणजे लिटरमागे तेच ३० सोडियम असलेलं, एक लिटर सलाईन गेलं. त्यातलं मीठ सुमारे २०० मिली द्रव रक्ताइतका खारट करायला पुरतं. उरलेले ८०० मिली नुसतं पाणीच (ग्लुकोज पेशी वापरून टाकतात). त्वचा आणि श्वासाचे निव्वळ ३३० मिली गेले, राहिले ४७०. खारट २०० मिली लघवीतून गेले असं धरू. एडीएच चालू असल्याने ४७० मिली शरीरातच अडकले. १४० गुणिले ६, भागिले ६.४७. उत्तर १३०. हे एका दिवसात. दुसऱ्या दिवशी तीच बाटली, तोच वेग, आणि सोडियम १२१च्या आसपास.

मनुका पाण्यात टाकली की फुगते, हा शाळेतला प्रयोग आठवा. सोडियम उतरलं की मेंदूच्या पेशींत पाणी शिरतं आणि त्या तशाच फुगतात. फक्त इथे भोवती कवटी आहे. मुलांचा मेंदू कवटीच्या मानाने मोठा, त्यामुळे मोकळी जागा कमी. आधी डोकेदुखी, उलटी, सुस्ती दिसते. ही लक्षणं आजाराचीच समजून सोडून दिली जातात. मग आकडी येते. क्वचित श्वासही थांबतो. उलटी झाली म्हणून कुणी सलाईनचा वेग वाढवला, तर तेच पाणी आणखी वेगाने आत जातं.

ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंनंतर २००७ साली ०.१८ टक्क्यांचं सलाईन मुलांच्या सर्वसाधारण वॉर्डांतून काढून घ्यायला सांगितलं गेलं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत लिटरमागे ७७ सोडियम मिळालेल्या मुलांपैकी ११ टक्के मुलांचं सोडियम घसरलं. १४० मिळालेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ साली २८ दिवस ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना रक्ताइतकंच खारट मेंटेनन्स द्यावं, असं सुचवलं. हृदयाचे, मूत्रपिंडाचे, यकृताचे काही रुग्ण त्यातून वगळलेत. आपल्याकडे मुलांच्या मेंटेनन्ससाठी आयसोलाइट-पी नावाचं तयार सलाईन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. त्यात सोडियम २५च्या आसपास. त्याची जागा डीएनएसने, म्हणजे पाच टक्के ग्लुकोज घातलेल्या नॉर्मल सलाईनने, घेतली तर बरं. गरजेप्रमाणे त्यात पोटॅशियम घालायचं, तेही लघवी नीट होतेय हे पाहून.

मोठ्यांचं काय? तिथे मुलांचं सूत्र लावत नाहीत. ब्रिटनची २०१३ची मार्गदर्शक तत्त्वं किलोमागे २५ ते ३० मिली पाणी, १ मिलीमोल (सोडियमसाठी हे मिलीइक्विव्हॅलंटइतकंच) सोडियम, तेवढंच पोटॅशियम आणि दिवसाला ५० ते १०० ग्रॅम ग्लुकोज सांगतात. साठ किलोच्या माणसाला दीड ते १.८ लिटर. पण ‘दोन पाइंट आरएल, दोन पाइंट एनएस’ (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली, आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट हे दुसरं खारट सलाईन, एनएस म्हणजे नॉर्मल सलाईन) असं सवयीने लिहिलं, तर एनएसच्या एका लिटरमधूनच ९ ग्रॅम मीठ जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. जादा मीठ बाहेर टाकायला शरीराला वेळ लागतो, तोवर पायावर सूज येते. म्हणून मोठ्यांसाठी त्याच ब्रिटनमध्ये ०.१८ टक्क्यांचं सलाईन आजही चालतं. मात्र दिवसाला अडीच लिटरच्या वर गेलात तर सोडियम घसरण्याचा धोका वाढेल, अशी तंबी सोबत असते.

मुलांनाही खारट सलाईनमधून गरजेपेक्षा जास्त मीठ जातंच. मूत्रपिंडं धड असतील, तर ते लघवीतून निघून जातं. अडकलेलं पाणी मात्र जात नाही. शिवाय ज्या आजारात एडीएच जास्त असण्याची शक्यता, तिथे पाणीही सूत्राच्या दोन-तृतीयांशावर आणतात, रोज वजन करतात आणि निदान दिवसातून एकदा सोडियम तपासतात. मूल पेज किंवा दूध घ्यायला लागलं की तेवढे मिली बाटलीतून वजा होतात.