मुळांना दिसलेलं वर्तुळ

‘ड्रोनने जमिनीखालचं प्राचीन स्मारक शोधलं’ अशी बातमी अधूनमधून येते आणि दर वेळी मला ड्रोनपेक्षा तिथल्या पिकाचं कौतुक वाटतं. साध्या कॅमेऱ्याला मातीखालचं काहीही दिसत नाही, मग तो कितीही उंच न्या.

जुलै २०१८. आयर्लंडमध्ये पाऊस दडी मारून बसला होता. न्यूग्रेंज या पाच हजार वर्षं जुन्या दगडी समाधीजवळच्या शेतावर लेखक अँथनी मर्फी आणि छायाचित्रकार केन विल्यम्स यांनी ड्रोन उडवले, तर खाली सुमारे १५० मीटर व्यासाचं वर्तुळ! खड्ड्यांच्या आणि तुटक चरांच्या ओळी, एकात एक.

चर बुजला तरी तिथली माती पूर्वीसारखी होत नाही. भोवतालची जमीन घट्ट. चरात साचलेला गाळ मात्र भुसभुशीत, खोल आणि ओल धरून ठेवणारा. पाऊसपाणी बरं असेल तर फरक कळत नाही, सगळंच शेत हिरवं. ताण पडला की चरावरच्या रोपांची मुळं खालच्या ओलीपर्यंत पोचतात, ती उंच आणि हिरवी राहतात; शेजारची पिवळी पडतात. गाडलेल्या भिंतीवर उलटं घडतं. माती उथळ, म्हणून तिथलं पीक आधी करपतं.

डोळ्यांना हा फरक दिसण्याआधीच अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणारा) कॅमेरा तो टिपू शकतो. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतं. या दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागायचं. समजा निरोगी पान अवरक्तचा ०.५० आणि लालचा ०.०८ भाग परावर्तित करतं, तर उत्तर ०.७२; तहानलेल्या पानाचं ०.३५ आणि ०.१५, तर ०.४०. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी (पिक्सेलसाठी) हा आकडा काढला की नकाशा तयार.

मग उपग्रहच का नको? सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा असतो. दीड-दोन मीटर रुंदीचा चर त्यात विरघळून जातो.

पिकातलं वर्तुळ म्हटलं की परग्रहवासी आठवणारे लोक असतातच. त्यांना इथे काम नाही. चर माणसांनीच खणले होते, बहुधा साडेचार हजार वर्षांपूर्वी.

पीक कापलं की खूण जाते. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तर त्याच शेतावर तोच ड्रोन उडवून नुसतं हिरवं शेत दिसेल.