जागल्या ते ग्रामसुरक्षा दल: पुणे जिल्ह्यातल्या राखणीची पार्श्वभूमी

२०२४ च्या पावसाळ्यात शिरूर, दौंड, बारामती, जुन्नर या पट्ट्यात रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याची चर्चा पसरली. ड्रोन आधी घरं हेरून जातो आणि मागून चोर येतात, अशी वदंता होती. वाड्यावस्त्यांवर पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन जागू लागली. ‘ग्रामसुरक्षा दल’ हा शब्द पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला, जणू काही नवीन योजनाच निघाली होती.

योजना नवी नाही. पुणे जिल्ह्यात गावाने गाव राखण्याची पद्धत पोलीस खात्याहून कितीतरी जुनी आहे. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कारभार पाहणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात ती बारकाईने नोंदली आहे. बंदोबस्त पाटलाकडे, मदतीला कुलकर्णी आणि चौगुला, आणि खरं काम जागल्याकडे, म्हणजे गावच्या राखणदाराकडे. गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाची चाल कशी, हे त्याला ठाऊक असायला हवं. चोरी झाली की त्याने माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या हद्दीत गेला, तर तिथल्या जागल्याला तो दाखवून हवाली करायचा. त्याने तो पुढच्या गावाला द्यायचा. माग जिथे तुटेल तिथल्या जागल्याने चोरीची भरपाई करायची, आणि त्याची ऐपत संपली की उरलेली गावाने.

या व्यवस्थेची ताकद या भरपाईत होती. राखण ही सेवा नव्हती, ती जोखीम होती, आणि तिच्या बदल्यात बलुतं होतं, इनाम जमीन होती. पुढे जे जे प्रयोग झाले त्यांनी ‘गावाचा सहभाग’ हे शब्द उचलले. मोबदला आणि जबाबदारी मात्र बहुतेकांनी वगळली.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याआधी तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. जागल्यासारखंच वतनावर गावाचं काम करणाऱ्या महाराला दिवस नव्हता की रात्र नव्हती. पाटलाने, तलाठ्याने, येणाऱ्याजाणाऱ्या अंमलदाराने हाक मारली की हजर व्हायचं. वतनाच्या तुटपुंज्या तुकड्यासाठी अख्खं घराणं राबायचं. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. कनिष्ठ वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावं लागलं.

पुरंदर आणि भोरकडच्या डोंगरपट्ट्यात राखणीचं काम रामोशी समाजाकडे होतं. पुरंदर किल्ल्याच्या राखणीचे त्यांचे हक्क पिढ्यांचे. इंग्रजी अमलात ते हक्क आणि त्यांवरचं पोट दोन्ही गेलं, आणि पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे उमाजी नाईक उभे राहिले. इंग्रजांनी त्यांना पकडायचा प्रयत्न केला, बक्षिसं लावली. ते जमेना तेव्हा माफी देऊन त्यांच्याच हाती त्या भागातला बंदोबस्त सोपवून पाहिला. तो समझोता टिकला नाही. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. बंडखोर म्हणून उमाजींची आठवण निघते ती योग्यच. पण सरकारने ज्याला आधी दरोडेखोर ठरवलं त्यालाच राखणदार नेमलं, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

पुण्याच्या कॅम्पातल्या बंगल्यांवर तर रामोशी पहारेकरी ठेवण्याचा रिवाजच होता. तो नसेल तर चोरी होणार, असं साहेब लोक धरून चालत. याला खंडणी म्हणावं की पगार, हे बघणाऱ्याच्या नजरेवर.

इंग्रजांनी मग गावच्या राखणीला कायद्यात बसवलं. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील हे पद सरकारी चौकटीत आलं. पाटलाचे दोन भाग झाले: मुलकी पाटील वसुलीचा, पोलीस पाटील बंदोबस्ताचा. बऱ्याच गावांत माणूस मात्र एकच, किंवा एकाच घरातले दोघे. चावडी ही दोन्हींची कचेरी.

दुसरीकडे १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला, १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. जन्मावरूनच संशयित ठरवलेल्या माणसांना हजेरी, परवाना, वसाहतीची तारेची कुंपणं. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या जमातींना पुढे विमुक्त म्हटलं गेलं, आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशीही आहेत. गाव राखणाऱ्यांचे वंशज संशयितांच्या रांगेत जाऊन बसले.

स्वातंत्र्यानंतरचं सगळ्यात मोठं वळण १ जानेवारी १९६३ चं. त्या दिवसापासून वंशपरंपरागत पाटीलकी संपली. त्यानंतर महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ आला. पोलीस पाटील आता नेमणुकीचा झाला. नेमणूक प्रांताधिकाऱ्याकडे, माणूस गावचाच, हातात थोडंफार मानधन. त्याचं काम ठाण्याला खबर देणं, परका माणूस आला तर कळवणं, मयत-अपघाताच्या वेळी पंचनाम्याला हजर राहणं, गावातली धुसफूस वर पोहोचवणं. हत्यार नाही, गाडी नाही. तरी रात्री दोनला बिट अंमलदाराचा फोन जातो तो त्यालाच. २०२४ साली त्याचं मानधन महिना साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं. तोवर अनेक पाटील पदरचं पेट्रोल घालून ठाण्याच्या फेऱ्या मारत होते.

माझ्या मते या सगळ्या कायद्यांपेक्षा मोठा बदल पाटबंधाऱ्यांनी केला. जुनी राखण गावठाणासाठी होती. एकमेकांना चिकटलेली घरं, एक वेस, रात्री बंद होणारा दरवाजा. वेशीवर एक माणूस बसला की गाव राखलं जाई. खडकवासला धरण १८७९ चं, नीरा डावा कालवा त्यानंतरच्या दशकातला. पुढे उजनी झालं, कुकडी प्रकल्पातली धरणं झाली. पाणी आलं तशी माणसं गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. दौंड, इंदापूर, शिरूर, जुन्नरकडे आज एकेका गावाला पाच-दहा वस्त्या असतात, दोन घरांच्या मध्ये पुरुषभर ऊस. वेस राहिली ती यात्रेच्या कमानीपुरती. चोराला आता गावात शिरावंच लागत नाही. विहिरीवरची मोटार, केबल, रोहित्रातली तांब्याची तार, गोठ्यातली शेळी हे सगळं रानातच असतं. त्यात शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची. म्हणजे घरचा कर्ता माणूस पाणी धरायला बाहेर आणि घरात बायका, म्हातारी माणसं. जुन्नरकडे तर रात्री बिबट्याचीही धास्ती. एका जागल्याने एवढी हद्द कशी राखायची?

ग्रामसुरक्षा दलाची कल्पना या पेचाला दिलेलं उत्तर आहे. तरुणांच्या तुकड्या, पाळीपाळीने गस्त, ठाण्याकडून ओळखपत्र, शिट्टी आणि काठी. चोऱ्यांची लाट आली की ती गावोगाव उभी राहतात, लाट ओसरली की मोडतात. दिवसभर राबलेल्या माणसाने बिनपगारी किती रात्री जागायचं, याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

१५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम वेगळ्या वाटेने गेली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ही कल्पना. बांधाचा वाद, भाऊबंदकी, पाण्याची पाळी यांतूनच पुढे डोकी फुटतात, म्हणून वाद ठाण्यात जाण्याआधी गावात मिटवायचा. ग्रामसभेने समिती निवडायची, मिटवलेल्या तंट्यांची नोंद ठेवायची, लोकसंख्येनुसार बक्षीस. सुरुवातीची वर्षं उत्साहाची होती. फलक अजून दिसतात, समितीचा अध्यक्ष लग्नपत्रिकेत नावामागे पद लावतो. पण समितीत बसणारी माणसं बहुधा गावातल्या वजनदार घरांतली. दुबळ्याचा तंटा मिटतो तेव्हा कोणाच्या बाजूने मिटतो, हे वहीतल्या नोंदीवरून कळत नाही.

अलीकडची भर म्हणजे ग्राम सुरक्षा यंत्रणा. संकटात सापडलेल्याने एका टोल फ्री क्रमांकावर बोललं की त्याचा आवाज परिसरातल्या नोंदणीकृत मोबाइलवर एकाच वेळी कॉल होऊन पोहोचतो. वस्तीवर राहणाऱ्याला याचा उपयोग उघड आहे. दवंडी पिटणाऱ्याला जे तासाभरात जमायचं ते मिनिटात होतं.

मात्र ज्या वेगाने खरी हाक जाते त्याच वेगाने खोटीही जाते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते भिक्षा मागत फिरणारे होते. ड्रोनच्या रात्रींत पुणे जिल्ह्यातही अनोळखी गाडी दिसली की तरुण तिच्याभोवती जमत होते. जुन्या जागल्याला येणारा-जाणारा ओळखणं भाग होतं. आताच्या गस्तीवाल्या पोराला स्वतःच्या गावातले ऊसतोड कामगार, औद्योगिक वसाहतींतले भाडेकरू, पालं टाकून राहिलेले भटके यांतलं कोणीच ओळखीचं नसतं.

‘पुणे ग्रामीण’ पोलिसांची हद्दही सारखी आक्रसते आहे. १९६५ साली शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं, १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचं. चाकण, आळंदी, तळेगावकडची ठाणी तिकडे गेली. २०२१ साली लोणी काळभोर आणि लोणीकंद शहराला जोडली गेली. ग्रामीणकडे उरली ती लांबच्या तालुक्यांतली वस्ती आणि मोठाले रस्ते. माग काढायची रीतही बदलली. आता तपासाला आलेले पोलीस आधी पेट्रोल पंपावर, मग ढाब्यावर, मग टोलनाक्यावर कॅमेऱ्याचं चित्रण मागतात. एका नाक्यावर गाडी दिसली की पुढच्या ठाण्याला कळवतात. हद्दीहद्दीने माग पुढे जातो, आणि ग्रामपंचायतीचा कॅमेरा बिल न भरल्याने बंद असला की तिथेच तुटतो.